उल्कापाषाणांचा क्रयविक्रय आणि संग्राहकाची सचोटी

संग्रहाची आवड मनुष्याच्या अंगीं बाळपणापासून दिसून येते. आमच्या शाळेंतहि कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी शंखशिंपले, तर कोणी रंगीबेरंगी गारगोट्या. जमविलेल्या वस्तूंची अदलाबदल करणें, व क्वचित् दोन पैसे घेऊन एखादी वस्तु मित्रास देणें, हेंहि या आवडीच्या पाठोपाठ येतेंच. याच आवडीचें एक आश्चर्यकारक रूप जगांत आज चालू आहे, तें म्हणजे आकाशांतून पृथ्वीवर पडलेल्या दगडांचा संग्रह. शास्त्रांत ज्यांस अशनि म्हणतात व सामान्य भाषेंत ज्यांस आपण उल्कापाषाण म्हणूं, ते जमविणारे हजारों हौशी लोक निरनिराळ्या देशांत आहेत, आणि ते हे दगड एकमेकांस ग्रॅमच्या भावानें विकतात. हा बाजार पूर्वीं दूर देशांत होता. आतां तो घरोघरच्या मोबाइलवर येऊन बसला आहे. तेव्हां असा व्यापार योग्य कीं अयोग्य, आणि योग्य असल्यास कोणत्या मर्यादेंत, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करणें अगत्याचें झालें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. उल्कापाषाण विकण्यांत स्वभावतः कांहीं दोष नाहीं. परंतु या दगडाचें निम्मे मोल त्याच्या इतिहासांत असतें. तो कोठें पडला, केव्हां पडला, कोणास सांपडला व कोणाकोणाच्या हातांतून आला, ही हकीकत ज्या चिठ्ठीवर लिहिलेली असते ती चिठ्ठी दगडाइतकीच जपली पाहिजे. ती हरविणारा विक्रेता अर्धा माल नष्ट करतो. आणि खोटी चिठ्ठी जोडणारा विक्रेता आजच्या एका ग्राहकाबरोबर पुढच्या पिढ्यांसहि फसवितो.

प्रथम या वस्तूची थोडी ओळख करून घेऊं. रात्रीं जो तारा तुटलासा दिसतो तो बहुधा वाळूच्या कणाएवढा असतो व हवेंतच जळून जातो. क्वचित् एखादा मोठा खंड मात्र संपूर्ण न जळतां जमिनीपर्यंत पोहोंचतो. अशा खंडांचे तीन मुख्य वर्ग आहेत: दगडी, लोखंडी आणि दगड व लोखंड यांच्या मिश्रणाचे. त्यांपैकीं पुष्कळांचें वय सुमारें ४५६ कोटि वर्षें, म्हणजे आपल्या सूर्यमालेइतकेंच, भरतें. ऑस्ट्रेलियांत मर्चिसन या गांवीं २८ सप्टेंबर १९६९ रोजीं जे पाषाण पडले त्यांत तर सूर्याच्याहि आधीं निर्माण झालेले सूक्ष्म कण सांपडले. त्यांपैकीं कांहींचें वय सुमारें ७०० कोटि वर्षें असल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. असा एखादा कण सुईच्या अग्रावर मावेल, पण सृष्टीच्या आरंभीच्या गोष्टी सांगणारा त्याहून जुना साक्षीदार आपल्या हातीं नाहीं.

दगड आकाशांतून पडतात ही गोष्ट विद्वानांनीं फार उशिरां मानली. खेडुतांस ती पूर्वींपासून ठाऊक होती. फ्रान्समधील आल्सास प्रांतांत एन्सिसहाइम येथें ७ नोव्हेंबर १४९२ रोजीं सुमारें १२७ किलो वजनाचा दगड शेतांत पडला, तेव्हां राजा मॅक्सिमिलियन यानें तो तेथील मंदिरांत जपून ठेवण्याची आज्ञा केली. तरीहि येणाऱ्याजाणाऱ्यांनीं त्याचे तुकडे काढून नेले, आणि आज मूळ दगडाचा निम्म्याहून कमी भाग त्या गांवीं उरला आहे. पुढें १७९४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यानें असे पाषाण पृथ्वीबाहेरून येतात असें प्रतिपादन केलें, तेव्हां पुष्कळांनीं त्यास हंसण्यावारीं नेलें. या वादाचा निकाल लागण्यास आपला देशहि कारणीभूत झाला. १७९८ च्या डिसेंबरांत काशीजवळ पाषाणांचा वर्षाव झाला. त्यांतील दगड व इंग्लंडांत १७९५ सालीं वोल्ड कॉटेज येथें पडलेला दगड यांचें पृथक्करण एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानें केलें. हजारों मैलांच्या अंतरावर पडलेल्या या दगडांत त्यास सारखेंच निकेलयुक्त लोखंड आढळलें. ही गोष्ट १८०२ सालीं प्रसिद्ध झाली. पुढल्याच वर्षीं फ्रान्सांत लेग्ल येथें सुमारें तीन हजार दगड पडले, व बियो या शास्त्रज्ञानें जागेवर जाऊन चौकशी केल्यावर शंकेस जागा राहिली नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हॉवर्डच्या हातीं आलेल्या त्या दगडांवर कोणता काशीचा व कोणता यॉर्कशायरचा हें लिहिलेलें नसतें, तर त्याच्या पृथक्करणास कांहींच अर्थ उरला नसता. शास्त्राची ही शाखा जन्मली तीच मुळीं खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारावर.

आतां विक्रीच्या प्रश्नाकडे वळूं. कित्येक सात्त्विक लोक म्हणतात कीं, जें आकाशांतून येतें तें सर्वांचें. त्याचा पैसा करूं नये, तें सरळ वस्तुसंग्रहालयांत जावें. या म्हणण्यांतील भावना स्तुत्य आहे. परंतु व्यापार हा शब्द ऐकतांच नाक मुरडण्याचें कारण नाहीं. पवित्र शास्त्रांत प्रभूनें स्वर्गाच्या राज्याची उपमा देतांना उत्तम मोत्यांचा शोध करणारा व्यापारीच निवडला आहे. त्याच शास्त्रांत प्रेषितांच्या कृत्यांत इफिस येथील देमेत्रिय सोनाराचीहि कथा आहे. त्या नगरांतील देवीची मूर्ति आकाशांतून पडली असें लोक मानीत. ती मूळची एखादा उल्कापाषाण असावी असें कांहीं विद्वानांचें मत आहे. देमेत्रियास तिच्या नांवावर चालणाऱ्या आपल्या धंद्याची काळजी होती, सत्याची नव्हती. पहिला व्यापारी आपल्या वस्तूचें खरें मोल ओळखून सर्वस्व देतो. दुसरा आपला नफा टिकावा म्हणून शहरांत दंगा माजवितो. दोघेहि व्यापारीच, पण शास्त्र एकास दृष्टांतांत घेतें व दुसऱ्याचा लोभ उघडा करतें.

शिवाय, पैशाच्या आशेनेंच पुष्कळ उल्कापाषाण नाशापासून वांचले आहेत हें नाकबूल करतां येत नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत एलायझा किंबर्ली नांवाची एक शेतकरीण होती. तिच्या शेतांत नांगरास अडणारे जड काळे दगड निघत. शेजारीपाजारी त्यांचा उपयोग गवताच्या गंजीवर वजन ठेवण्यासाठीं करीत. हे दगड आकाशांतले आहेत असें तिचें ठाम मत होतें. म्हणून नवरा व शेजारी हंसत असतांहि ती ते एकत्र करून ठेवी. वर्षानुवर्षें तिनें पत्रें लिहिलीं, व शेवटीं १८९० सालीं क्रॅगिन नांवाचे प्राध्यापक येऊन त्यांतील कित्येक दगड विकत घेऊन गेले. ते दगड खरोखरच उल्कापाषाण होते. तिच्या कुटुंबास पैसा मिळाला आणि शास्त्रास एक मोठा संग्रह लाभला. तिनें ते गोळा केले नसते, तर कोणत्या संग्रहालयाचा अधिकारी त्या गवताच्या गंजीपर्यंत पोहोंचला असता?

याच कॅन्सस प्रांतांतील दुसरें उदाहरण हार्वी निनिंगर यांचें. हे मॅकफर्सन येथील एका ख्रिस्ती महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. ९ नोव्हेंबर १९२३ रोजीं रात्रीं त्यांनीं एक प्रचंड अग्निगोल आकाशांतून जातांना पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्या वेळीं या शास्त्राकडे लक्ष देणारे लोक फार थोडे होते. निनिंगर गांवोगांव फिरले. शाळांतून व सभांतून त्यांनीं व्याख्यानें दिलीं, शेतकऱ्यांच्या हातीं खरा उल्कापाषाण देऊन तो कसा ओळखावा हें शिकविलें, आणि असा दगड आणणारास वजनावर रोख पैसे देऊं केले. दाराशीं अडसर म्हणून वा कुंपणाच्या भिंतींत पडून असलेले कित्येक दगड अशा रीतीनें उजेडांत आले. पुढें नोकरी सोडून ते याच कामास लागले, व कामाचा खर्च भागविण्यासाठीं त्यांनीं नमुने विकलेहि. १९५८ सालीं आपल्या संग्रहाचा मोठा भाग त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला विकला, व उरलेला १९६० सालीं ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठास. विक्री केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली नाहीं असें नाहीं. पण तो संग्रह आज शास्त्रज्ञांच्या उपयोगीं पडत आहे हें विसरतां कामा नये.

निनिंगर यांची एक संवय आमच्या मुद्द्यास फार जवळची आहे. ते प्रत्येक नमुन्यावर लहानसा क्रमांक हातानें रंगवीत, व त्या क्रमांकाची नोंद वहींत ठेवीत. आज संग्राहकांच्या बाजारांत तसा क्रमांक असलेला तुकडा विक्रीस आला, तर त्याच जातीच्या बिनक्रमांकी तुकड्याहून त्यास अधिक दाम मिळतो. म्हणजे शाईचा तो ठिपकासुद्धां किंमत वाढवितो, कारण त्याच्यामागें एका प्रामाणिक माणसाची वही उभी आहे.

चिठ्ठीचें महत्त्व आपल्याच देशांतील एका दगडावरून आणखी स्पष्ट होईल. बिहारांत शेरघाटी येथें २५ ऑगस्ट १८६५ रोजीं सुमारें ५ किलोचा एक पाषाण पडला. त्यांत १८७२ सालीं चेर्माक या शास्त्रज्ञास कांचेसारखें एक नवें द्रव्य सांपडलें. पाषाण इतरांहून निराळा आहे एवढें समजलें, पण तो आला कोठून हें शंभर वर्षांहून अधिक काळ कोणास सांगतां आलें नाहीं. पुढें १९८३ सालीं अंटार्क्टिकांत मिळालेल्या त्याच जातीच्या एका पाषाणांत अडकलेला वायु तपासण्यांत आला. तो मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनीं मोजलेल्या तेथील हवेशीं जुळला, आणि शेरघाटीचा दगड मंगळावरून आला असें ठरलें. ज्या जातीस आज जगभर त्या गांवाच्या नांवानें ओळखतात, तिचा मूळ नमुना शंभर वर्षें नांवगांवासह नीट जपला गेला म्हणून हें साधलें. मधल्या काळांत कोणी त्याची चिठ्ठी फाडून टाकली असती, तर काळा धोंडा म्हणून तो केव्हांच अडगळींत गेला असता.

याच्या उलट स्थिति सहारांतून येणाऱ्या हजारों पाषाणांची आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून वाळवंटांतील भटके लोक दगड वेंचून मोरोक्कोच्या बाजारांत आणूं लागले. तेथून ते जगभर गेले. ते नेमके कोठें सांपडले हें बहुतेकांच्या बाबतींत कोणास ठाऊक नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यांस ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ असें सामायिक नांव व पुढें नुसता क्रमांक देण्याची पद्धत पाडली. या दगडांनीं ज्ञानांत मोठी भर घातली हें खरें. चंद्रावरचे व मंगळावरचे कित्येक पाषाण असेच मिळाले. पण एकाच वर्षावांतील तुकडे दहा नांवांनीं विखुरले, आणि कोणता कोणाचा सोबती हें शोधण्यांत विद्वानांचीं वर्षें खर्चीं पडतात. नवीन पाषाणास अधिकृत नांव मिळण्यासाठीं त्याचा २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जो कमी असेल तेवढा भाग, मान्य संस्थेंत कायमचा ठेवावा असा १९३३ सालीं स्थापन झालेल्या मिटिऑरिटिकल सोसायटीचा नियम आहे. हा नियम आम्हांस फार न्याय्य वाटतो. संग्राहकानें खुशाल बाकीचा दगड विकावा. पण शास्त्राचा वांटा आधीं बाजूस काढावा.

आतां फसवणुकीचा विचार करूं. साधी फसवणूक म्हणजे लोखंडाच्या भट्टींतील मळी किंवा साधा काळा दगड उल्कापाषाण म्हणून विकणें. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांत चेल्याबिन्स्क नगरावर मोठा पाषाण फुटून कांचा उडाल्या व हजारावर माणसें जखमी झालीं, तेव्हां कांहीं दिवसांतच त्याचे म्हणून तुकडे विक्रीस मांडले गेले, व त्यांत खोटे तुकडेहि पुष्कळ होते. अशी फसवणूक ओळखण्याचीं कांहीं साधनें आहेत. ताज्या उल्कापाषाणावर पातळ काळें कवच असतें. तो आकाराच्या मानानें बहुधा जड लागतो. मळींत असतात तसे हवेचे बुडबुडे त्यांत सहसा नसतात. चकाकी नसलेल्या कौलावर घांसून पाहतां तांबडी रेघ उठली, तर तो बहुधा साध्या लोहखनिजाचा तुकडा समजावा. लोखंडी पाषाण कापून, गुळगुळीत करून त्यावर तेजाब लावला असतां बहुतेकांवर एकमेकांस छेदणाऱ्या पट्ट्यांची सुंदर जाळी उमटते. १८०८ सालीं व्हिडमनष्टेटन यांनीं ती पाहिली म्हणून तिला त्यांचें नांव आहे. ही जाळी धातु लाखों वर्षें हळूहळू थंड झाल्यानेंच बनते, म्हणून कोणत्याहि कारखान्यांत तिची नक्कल होऊं शकत नाहीं.

दुसरी फसवणूक याहून सूक्ष्म व अधिक वाईट आहे. दगड खरा असतो, पण नांव खोटें असतें. वाळवंटांतील एखादा सामान्य पाषाण ग्रॅमला थोडक्या डॉलरांत मिळतो. तोच अमुक प्रसिद्ध गांवीं लोकांच्या डोळ्यांदेखत पडला असें सांगितलें कीं त्याचा भाव कित्येक पटींनीं चढतो, आणि चंद्राचा वा मंगळाचा म्हटला तर शेंकडों डॉलरांवर जातो. नुसत्या डोळ्यांनीं हा भेद बहुधा कळत नाहीं. येथें ग्राहकाजवळ विक्रेत्याच्या शब्दापलीकडे आधार नसतो, आणि म्हणूनच तो शब्द खरा असला पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रांत थैलींत दोन प्रकारचीं वजनें ठेवूं नयेत असें सांगितलें आहे. उल्कापाषाणाच्या विक्रेत्याची तागडी ग्रॅमचें वजन बरोबर दाखवीत असली, तरी चिठ्ठी खोटी असेल तर त्याच्या थैलींत दोन वजनें आहेतच.

तिसरा प्रकार फसवणुकीचा नसून अज्ञानाचा आहे. त्यानें होणारें नुकसानहि लहान नाहीं. २०११ सालीं मोरोक्कोंत विकत घेतलेल्या ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका ७०३४’ या मंगळावरील पाषाणांत त्या ग्रहाच्या प्राचीन चुंबकशक्तीची खूण असावी अशी शास्त्रज्ञांस आशा होती. परंतु दगड पारखण्यासाठीं लोकांनीं जोरदार लोहचुंबक लावल्यामुळें, तपासलेल्या तुकड्यांतील ती खूण पुसली गेल्याचें आढळलें. कोट्यवधि वर्षें टिकलेली नोंद एका क्षणांत गेली. यासाठीं पारखणारानें चुंबक दगडास न टेंकवितां होकायंत्राची सुई जवळ नेऊन पाहावी.

मग एका संग्राहकानें दुसऱ्या संग्राहकास दगड विकतांना कसें वागावें? आमच्या मतें त्यानें इतकें तरी करावें. पाषाणाचें अधिकृत नांव, मिळाल्याचें ठिकाण, वर्ष, वजन व आपणांस तो कोणाकडून मिळाला हें लिहून द्यावें. जुनी चिठ्ठी असल्यास ती मूळचीच द्यावी. नवी सुबक चिठ्ठी करून जुनी फेंकूं नये. जें माहीत नाहीं तें माहीत नाहीं असेंच लिहावें. दगड कापला असेल, गंज काढला असेल, तेल वा लाख लावली असेल, तर तें आपण होऊन सांगावें. मोठा दगड कापून लहान तुकडे विकल्यास जास्त पैसे येतात म्हणून करवत चालविण्यापूर्वीं, तो अखंड राहण्यांत शास्त्राचा लाभ आहे काय, हें जाणत्यांस विचारावें. आणि दगड खोटा निघाल्यास कुरकुर न करतां पैसे परत करावे. आंतरराष्ट्रीय उल्कापाषाण संग्राहक संघ नांवाची एक संस्था आहे. आपण विकूं तो माल खरा असेल अशी हमी तिच्या सभासदांस द्यावी लागते. परक्या ग्राहकाहून सहसंग्राहकाच्या बाबतींत हें कर्तव्य अधिक कडक आहे, कारण तो आपल्यावर मित्र म्हणून विश्वास टाकतो.

इतकें झाल्यावरहि एक मोठा प्रश्न उरतो: विकणाराचा त्या दगडावर मुळांत हक्क आहे काय? अमेरिकेंत आयोवा प्रांतांत १८९० सालीं एकाच्या शेतांत ६६ पौंडांचा पाषाण पडला. दुसऱ्यानें तो खणून काढून १०५ डॉलरांस विकला. शेताचा मालक न्यायालयांत गेला, व १८९२ सालीं निकाल लागला कीं पाषाण जमिनीच्या मालकाचा, सांपडणाराचा नव्हे. ऑरेगॉनांत एलिस ह्यूज नांवाच्या गृहस्थानें तर १५ टनांचा लोखंडी पाषाण शेजारच्या कंपनीच्या जमिनींतून महिनोंमहिने खपून आपल्या आवारांत ओढून आणला. १९०५ सालीं न्यायालयानें तो कंपनीस परत देवविला. पण त्या प्रदेशांतील मूळचे क्लॅकामास लोक त्या पाषाणास फार पूर्वींपासून पवित्र मानीत होते. त्यांच्या वंशजांनीं त्यास भेट देऊन आपला विधि करावा, असा करार न्यूयॉर्कच्या संग्रहालयाशीं २००० सालीं झाला.

याहून खेदकारक गोष्ट ग्रीनलंडची. तेथील केप यॉर्कजवळ पडलेल्या लोखंडी पाषाणांतून एस्किमो लोक पिढ्यानपिढ्या सुऱ्या व भाल्यांचीं टोंकें करीत. त्या बर्फाळ मुलखांत त्यांस दुसरें लोखंड जवळ नव्हतें. रॉबर्ट पिअरी यानें ते पाषाण जहाजांतून नेले. १८९७ सालीं नेलेल्या सर्वांत मोठ्या पाषाणाचें वजन सुमारें ३१ टन होतें. पुढें न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडून पिअरीच्या कुटुंबास ४०,००० डॉलर मिळाले. त्याच जहाजांतून सहा एस्किमोहि न्यूयॉर्कास नेले गेले. त्यांपैकीं चौघे थोड्याच काळांत आजारानें मरण पावले. शास्त्राच्या नांवाखालीं झालें म्हणून या कृत्यास आम्ही निर्दोष म्हणूं शकत नाहीं.

हा प्रश्न जुना होऊन गेलेला नाहीं. १६ जुलै २०२५ रोजीं न्यूयॉर्क येथें मंगळावरील सुमारें २४.७ किलोचा एक पाषाण लिलावांत विकला गेला, व खर्चासह त्याची किंमत सुमारें ५३ लाख डॉलर झाली. तो २०२३ सालीं आफ्रिकेंतील नायजर देशाच्या वाळवंटांत सांपडला होता. लिलाव करणाऱ्यांनीं सर्व रीत पाळल्याचें सांगितलें. परंतु नायजर सरकारनें चौकशी सुरू केली आणि अशा वस्तूंची निर्यात थांबविली. ज्या गरीब देशाच्या वाळूंत ही अमोल वस्तु मिळाली, तेथील शाळेंतल्या मुलांस ती पाहावयासहि मिळूं नये, हें कोणाहि विचारी मनुष्यास खटकल्याशिवाय राहणार नाहीं. अर्जेंटिनानें तर २००७ सालीं कायदा करून आपल्या भूमीवरील उल्कापाषाण राष्ट्राच्या सांस्कृतिक ठेव्यांत गणले आहेत.

आपल्या देशांत पडणारे पाषाण जमविण्याचें व जपण्याचें काम १८५१ सालीं स्थापन झालेलें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करीत आलें आहे, व त्याचा मोठा संग्रह कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, आहे. महाराष्ट्रांतहि असे पाषाण पडतात: खानदेशांत मानेगांव येथें १८४३ सालीं, व नागपूर जिल्ह्यांत काटोल येथें २२ मे २०१२ रोजीं. गुजराथेंत दियोदर तालुक्यांत १७ ऑगस्ट २०२२ रोजीं खेडेगांवांत पडलेला पाषाण शास्त्रज्ञांच्या हातीं लवकर आला. त्याच दुर्मिळ जातीचा पाषाण हिंदुस्थानांत त्यापूर्वीं १८५२ सालीं बस्ती येथें पडला होता. तेव्हां आपल्या अंगणांत वा शेतांत असा दगड पडल्यास तो शक्यतों हात न लावतां स्वच्छ कागदांत वा पत्र्यांत घ्यावा, जागा व वेळ लिहून ठेवावी, व तहसिलदारामार्फत वरील खात्यास कळवावें. इंग्लंडांत विंचकंब येथें २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं रात्रीं एका घराच्या दारांत पाषाण फुटून पडला. त्या कुटुंबानें त्याचा चुरासुद्धां जपून उचलला, आणि पावसानें भिजण्यापूर्वीं तो संग्रहालयाच्या हवालीं झाला. त्यांत सांपडलेलें पाणी हें पृथ्वीबाहेरील पाणी कसें असतें याचा उत्तम पुरावा ठरलें.

लोणारविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण आमचे विद्यार्थी सहलीस तेथें जातात. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर उल्कापाषाणाच्या आघातानें झालें हें खरें. पण भोंवतालचा काळा दगड आपला दख्खनचा बसाल्टच आहे. मूळचा पाषाण आघाताच्या उष्णतेनें वितळून व वाफ होऊन गेला. म्हणून लोणारचा उल्कापाषाण म्हणून कोणी कांहीं विकूं लागल्यास तें घेऊं नये, आणि तें स्थळ संरक्षित असल्यामुळें आपणहि तेथून दगड उचलून आणूं नये.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. आकाशांतून आलेल्या वस्तूंत दैवी शक्ति असते, ती घरांत ठेविल्यानें धन येतें, तांदूळ ओढणाऱ्या भांड्यास परदेशांत कोट्यवधि रुपये मिळतात, अशा थापांना बळी पडून आपल्याकडील कित्येक कुटुंबें बुडालीं आहेत. खरा उल्कापाषाण कोणाचें दारिद्र्य दूर करीत नाहीं व कोणावर संकट आणीत नाहीं. देवाच्या सृष्टीची ती एक खूण आहे, इतकेंच तिचें सामर्थ्य. मुलास आवड असेल तर जाणत्या विक्रेत्याकडून एखादा लहान, स्वस्त, खऱ्या चिठ्ठीचा तुकडा अवश्य घेऊन द्यावा. त्यापासून तें भूगोल, रसायन व इतिहास असे तीन विषय शिकेल.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं फारच थोडे पुढें उल्कापाषाण विकतील. परंतु तिकिटांची व नाण्यांची अदलाबदल तुम्हीं आजच करीत आहां. मागून फाटलेलें तिकीट डिंकानें चिकटवून नव्यासारखें म्हणून मित्राच्या गळ्यांत बांधणें, किंवा आजोबांनीं दिलेलें नाणें शिवाजी महाराजांच्या काळचें आहे असें ठोकून देणें, यांत तुम्हांस आज गंमत वाटेल. पण मोठेपणीं घर, शेत, औषध वा आपलें मत विकतांना हीच संवय तुमच्या हातीं राहील. ज्यास चार आण्यांच्या वस्तूचा इतिहास खरा सांगवत नाहीं, त्याच्या हातीं मंगळाचा दगड द्यावा कसा? यासाठीं आपल्या संग्रहांतील प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी आजच करा. तींत माहीत असेल तेवढेंच लिहा, आणि वस्तु कोणास दिलीत तर तिच्यासोबत ती चिठ्ठीहि द्या.